गाव महापालिकेत गेल्यावर उमेदवाराच्या हातात काय उरते?

पुण्याच्या हद्दीवरील कोणत्याही समाविष्ट गावात महापालिका निवडणुकीच्या दिवसांत फिरले, तर उमेदवारांच्या पत्रकांवरील मुद्दे जवळजवळ सारखेच आढळतात. पुरेसे पाणी, टँकरपासून सुटका, रुंद रस्ते, मुलांसाठी मैदान, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र, मिळकतकरात सवलत आणि या सर्वांच्या शेवटी गावाचे गावपण जपण्याचे आश्वासन. वाघोली असो, सूस-म्हाळुंगे असो किंवा मांजरी, पक्ष बदलला तरी ही यादी फारशी बदलत नाही. मात्र या यादीतील काही गोष्टी खरोखर नगरसेवकाच्या अधिकारात येतात, काहींसाठी तो फक्त पाठपुरावा करू शकतो आणि काहींचा निर्णय थेट मंत्रालयात होतो. ही विभागणी मतदाराच्या मनात स्पष्ट नसेल, तर सगळीच आश्वासने सारख्या वजनाची वाटू लागतात आणि उमेदवाराची मते तपासण्याचे कामच बाजूला पडते. तसे होऊ नये, कारण झपाट्याने वाढणाऱ्या गावात पाच वर्षांत जे बांधले जाते, ते पुढच्या पन्नास वर्षांत पुसता येत नाही.

येथे उदाहरण पुण्याचे घेतले आहे, कारण हद्दवाढीचा जवळपास तीस वर्षांचा अनुभव तेथे सलग पाहता येतो. कायदे मात्र मुंबई वगळता राज्यभर बहुतांशी सारखेच आहेत. नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कडेला राहणाऱ्यांना यातील बहुतेक गोष्टी ओळखीच्या वाटतील. कोल्हापुरात तर १९७२ मध्ये महापालिका झाल्यापासून हद्दवाढीचा प्रश्न लोंबकळत आहे आणि तेथील प्रत्येक निवडणुकीत उमेदवाराला त्यावर आपली बाजू सांगावी लागते.

हद्द कोण ठरवते

महापालिकेची हद्द वाढवायची की कमी करायची, हा निर्णय राज्य सरकारचा असतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार सरकार महापालिकेशी विचारविनिमय करते, हरकती मागवते आणि अधिसूचना काढते. म्हणजे "आपले गाव महापालिकेतून बाहेर काढू" किंवा "आपले गाव पालिकेत घेऊ" असे एखादा स्थानिक उमेदवार म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या अधिकाराबाहेरची गोष्ट बोलत असतो. त्याच्या म्हणण्याला राजकीय वजन असू शकते, पण त्याच्या मताने हद्दीची रेषा हलत नाही.

ही रेषा किती वेळा हलली, हे पाहण्यासारखे आहे. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत ३८ गावे घेण्यात आली. २००१ मध्ये त्यांतील १५ गावे संपूर्ण किंवा अंशतः वगळली गेली आणि २३ उरली. वगळलेल्या गावांत बांधकाम थांबले नाही, उलट ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या यंत्रणेवर मोठमोठ्या गृहप्रकल्पांचा भार पडत गेला. २०१४ मध्ये ३४ गावे घेण्याची प्रक्रिया सुरू झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ व जून २०२१ मध्ये उरलेली २३ गावे पालिकेत आली. त्यामुळे पुणे महापालिकेचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले आणि ती क्षेत्रफळाने मुंबई महापालिकेहूनही मोठी झाली. तरीही प्रकरण तेथे संपले नाही. २०१७ मध्येच आत आलेल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी, कर शहराचा भरायचा आणि सोयी मात्र मिळत नाहीत, अशी तक्रार लावून धरली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगर परिषद झाली. याच गावांच्या शिवारात शहराचा कचरा डेपो वर्षानुवर्षे राहिला आणि तेथील विहिरींचे पाणी खराब झाले, हे लक्षात घेतले तर त्या तक्रारीमागचा संताप समजतो.

या सर्व घडामोडींत कराचा प्रश्न सतत पुढे येतो, म्हणून तो नीट समजून घ्यावा लागतो. गाव समाविष्ट झाल्यावर शहराचा मिळकतकर एकदम लागू होत नाही, तो काही वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढतो. पाण्याची वाहिनी, मैलापाण्याची वाहिनी आणि रस्ते मात्र त्याच टप्प्यांनी येतील, अशी कोणतीही हमी कायद्यात नाही. कर दरवर्षी चढत जातो आणि सोयी निधी मिळेल तेव्हा येतात, म्हणून या दोन्हींतील अंतर लोकांना अन्यायाचे वाटते, आणि ते तसे आहेही. कराचे दर दरवर्षी पालिकेचे सभागृह मंजूर करते. त्यामुळे कराबद्दलचे उमेदवाराचे मत हे हद्दीबद्दलच्या मतापेक्षा खूप अधिक महत्त्वाचे मानले पाहिजे, कारण येथे त्याला प्रत्यक्ष मतदान करता येते. फक्त कर कमी करू असे म्हणणाऱ्याला, मग जलवाहिनीचा खर्च कोठून करणार, हा पुढचा प्रश्न विचारायलाच हवा.

परवानगी एकाची, पाणी दुसऱ्याचे

वाढत्या गावातील सर्वांत मोठी गुंतागुंत नियोजन प्राधिकरणाची असते. एखाद्या भूखंडावर किती मजले बांधायचे, समोरचा रस्ता किती रुंद असावा, कोठे शाळा आणि कोठे उद्यान असावे, हे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली ठरते आणि त्यासाठी प्रत्येक क्षेत्राला एक नियोजन प्राधिकरण नेमलेले असते. महापालिका असेल तेथे सहसा महापालिकाच ते काम करते. पुण्याच्या २३ गावांबाबत मात्र वेगळे घडले. गावे जून २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण नियोजनाचा आणि बांधकाम परवानगीचा अधिकार सरकारने पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएकडे दिला. परिणामी इमारतीला परवानगी देणारी संस्था एक आणि त्या इमारतीतील माणसांना पाणी, रस्ता, कचरा व्यवस्था पुरवण्याची जबाबदारी असणारी संस्था दुसरी, अशी स्थिती कित्येक वर्षे राहिली. विकास शुल्क एकीकडे जमा होत होते आणि खर्च दुसरीकडे उभा राहत होता. पीएमआरडीएने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रारूप विकास आराखड्यावर हजारो हरकती आल्या आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा रद्द केला. म्हणजे ज्या काळात या गावांत सर्वाधिक इमारती उभ्या राहिल्या, त्या काळात त्यांच्यासाठी मंजूर झालेला सविस्तर विकास आराखडाच नव्हता. माझ्या मते पुण्याच्या पूर्व आणि पश्चिम कडेवरील कोंडीचे हे एक मूळ कारण आहे.

अशा गावात उमेदवार जेव्हा "बेसुमार बांधकामांना आळा घालू" असे म्हणतो, तेव्हा त्याला दोन साधे प्रश्न विचारता येतात. आज येथे परवानगी कोण देते, आणि विकास आराखडा कोणत्या टप्प्यावर आहे? ज्याला याची उत्तरे ठाऊक नाहीत, त्याचा आळा घालण्याचा निर्धार कितीही प्रामाणिक असला, तरी तो कोणत्या दारावर जाऊन थडकणार, हेच ठरलेले नसते.

विकास आराखड्याच्या प्रक्रियेत निवडून आलेल्या सभासदांना खरा वाव असतो. आराखडा तयार करण्याचा इरादा सभागृहाने जाहीर करायचा असतो, त्यानंतर सध्याच्या जमीन वापराचे सर्वेक्षण होते, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती व सूचना मागवल्या जातात. या हरकतींची सुनावणी घेण्यासाठी नियोजन समिती असते आणि तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य व राज्य सरकारने नेमलेले तज्ज्ञ बसतात. समितीचा अहवाल सभागृहासमोर येतो, सभागृह बदल सुचवते आणि शेवटी आराखडा मंजुरीसाठी राज्य सरकारकडे जातो. कोणत्या सर्व्हे नंबरावर मैदानाचे आरक्षण ठेवायचे आणि कोणत्या नंबरावरून ते उठवायचे, यावरचे सर्वाधिक ताणतणाव याच टप्प्यांत होतात. नागरिकाने उमेदवाराची पारख करायची असेल, तर मागील वेळी त्याने किंवा त्याच्या पक्षाने कोणती आरक्षणे उठवण्याच्या बाजूने मत दिले, हे पाहण्याइतकी नेमकी दुसरी कसोटी नाही. सभागृहाचे ठराव हे सार्वजनिक दस्तऐवज असतात आणि ते मागता येतात.

तथापि, अंतिम शब्द सरकारचा असल्यामुळे सभागृहाचा निर्णय अडकू शकतो, याचे उदाहरणही पुण्यातच आहे. १९९७ मधील समाविष्ट गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण ठेवण्याचा निर्णय पालिकेने २००५ मध्ये घेतला. सरकारने २००८ मध्ये आराखडा मंजूर केला, पण टेकड्यांचा प्रश्न बाजूला ठेवला. सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्रावरील त्या आरक्षणाला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. दहा वर्षे टेकड्यांचे भवितव्य अधांतरी होते आणि त्या काळात उतारांवर किती अतिक्रमण झाले, ते आज डोळ्यांना दिसते. याच्या उलट, सभागृहाने वेळ दवडल्याने अधिकारच हातचा गेल्याचेही उदाहरण आहे. जुन्या हद्दीच्या सुधारित आराखड्याचे प्रारूप २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यावर ८० हजारांहून अधिक हरकती आल्या आणि मुदतीत निर्णय न झाल्याने २०१५ मध्ये सरकारने तो आराखडा पालिकेकडून काढून घेऊन स्वतःच्या समितीकडे सोपवला. अंतिम मंजुरी जानेवारी २०१७ मध्ये मिळाली. नगरसेवकांना अधिकार नाहीत, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते, पण जे अधिकार होते ते वेळेत वापरले गेले नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

आराखड्यात आरक्षण दाखवले की मैदान झाले, असेही नाही. जागा ताब्यात घ्यावी लागते, त्यासाठी मालकाला पैसे द्यावे लागतात किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क द्यावा लागतो. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर जमीनमालक कायद्याच्या कलम १२७ नुसार नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. ही जमीन बहुतेक वेळा एखाद्या शेतकरी कुटुंबाची असते आणि ती वीस वर्षे अडकवून ठेवणे हा त्यांच्यावरचा अन्याय असतो. म्हणून आरक्षणे वाचवण्याची भाषा करणाऱ्या उमेदवाराने भूसंपादनासाठी अंदाजपत्रकात तरतूद करण्याची भाषाही केली पाहिजे, नाही तर त्याची सहानुभूती मैदानालाही उपयोगाची नाही आणि शेतकऱ्यालाही.

पत्रकावरील आणखी एक लोकप्रिय आश्वासन म्हणजे गुंठेवारीची घरे नियमित करणे. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे घेऊन आयुष्याची कमाई घालून घर बांधलेल्या कुटुंबांचा तो जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. त्यासाठीचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्याच्या कक्षेत आली. ही मुदत बदलणे विधिमंडळाच्या हातात आहे. आणि घर कागदोपत्री नियमित झाले, तरी समोरची बारा फुटांची गल्ली रुंद होत नाही आणि अग्निशमनाची गाडी आत येत नाही.

पाण्याचा हिशेब

पाणी हा असा विषय आहे की ज्यावर मतांपेक्षा आकडे अधिक बोलके असतात. मैलापाणी वाहिन्या असलेल्या शहरासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी हे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते, तर ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनमध्ये ते ५५ लिटर आहे. समजा, एखाद्या गावात १,००० सदनिकांचा एक प्रकल्प उभा राहिला आणि प्रत्येक घरात चार माणसे धरली, तर ४,००० माणसांना दररोज ५ लाख ४० हजार लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरच्या टँकरने ते आणायचे ठरवले, तर रोज ५४ खेपा होतात. हे टँकर कोणाच्या तरी विहिरीतून किंवा बोअरमधून भरले जातात, ते गावाच्या रस्त्यावरूनच धावतात आणि त्यांचा खर्च सोसायटीच्या मासिक देखभाल शुल्कातून जातो. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के मैलापाणी होते, म्हणजे त्याच प्रकल्पातून रोज सव्वाचार लाख लिटरहून अधिक सांडपाणी बाहेर पडते. ते शुद्ध करून वापरले नाही, तर ते ओढ्यात आणि ओढ्यातून मुळा-मुठेत जाते.

पुण्याला पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून मिळते. त्यांची एकत्रित साठवण सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यातूनच दौंड, इंदापूरच्या शेतीला कालव्याने आवर्तने द्यावी लागतात. शहराचा वाटा वाढवायचा, म्हणजे कोणाच्या तरी उसाचे, कोणाच्या तरी ज्वारीचे पाणी कमी करायचे. हा वाटा जलसंपदा विभाग आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरण यांच्या पातळीवर ठरतो. त्यामुळे नवे पाणी आणून देऊ, असे म्हणणारा उमेदवार वस्तुतः राज्य सरकारच्या वतीने वचन देत असतो. पालिकेच्या अखत्यारीत वेगळ्या गोष्टी आहेत. गळती थांबवणे, साठवण टाक्या बांधणे, वितरणवाहिन्या टाकणे, शुद्ध केलेले सांडपाणी बांधकामाला आणि बागांना सक्तीने वापरायला लावणे आणि मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसणाऱ्या विहिरीतून, शेतीसाठी जे प्रक्रिया केलेले पाणी कालव्यात सोडायचे, ते खरोखर स्वच्छ करून सोडणे. या गोष्टींना घोषणेचे तेज नाही, पण पाणी वाढते ते यांतूनच.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये सर्वांना कळले. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातील नांदेड, किरकटवाडी, धायरी या समाविष्ट गावांच्या परिसरात जीबीएस या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि तपासाचा रोख दूषित पाण्याकडे गेला. त्या भागातील काही वस्त्यांना धरणाचे पाणी विहिरीत साठवून, केवळ जंतुनाशक मिसळून पुरवले जात होते. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या गावांनाच पूर्ण प्रक्रिया केलेले पाणी मिळत नव्हते, ही बाब या भागातून निवडणूक लढवणाऱ्या प्रत्येकाने मनाला लावून घेतली पाहिजे. जलशुद्धीकरण केंद्राची जागा, खर्च आणि मुदत या तीन गोष्टी जो उमेदवार सांगू शकतो, त्याने विषयाचा अभ्यास केला आहे, असे समजायला हरकत नाही.

पैसा कोठून येतो आणि कोठे जातो

नवीन बांधकामांतून स्थानिक संस्थेला विकास शुल्क आणि इतर अधिमूल्य मिळते, ते एकदाच मिळते. त्या बांधकामासाठी टाकलेला रस्ता, दिवे, वाहिन्या आणि सफाई कर्मचारी यांचा खर्च मात्र कायमचा असतो. जकात आणि नंतर स्थानिक संस्था कर गेल्यानंतर पालिका सरकारी अनुदान, मिळकतकर आणि बांधकाम शुल्क यांवरच अधिक विसंबून राहू लागल्या. याचा अर्थ असा, की बांधकाम वाढले की तिजोरी तात्पुरती भरलेली दिसते आणि वाढ मंदावली की देखभालीचा भार उघडा पडतो. वाढीला सरसकट पाठिंबा देणाऱ्या उमेदवाराने या हिशेबाचे उत्तर द्यावे, तसेच वाढीला सरसकट विरोध करणाऱ्याने, तरुण नोकरदारांना घरे कोठे आणि किती किमतीत मिळणार, याचेही उत्तर द्यावे.

नगरसेवकाच्या हातात प्रत्यक्ष पैसा नसतो. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि निविदांना मान्यता सोळा सदस्यांची स्थायी समिती देते. पण प्रभागातील कामे अंदाजपत्रकात सुचवण्याची सोय असते आणि पुण्यात त्याला 'स' यादीतील कामे म्हणतात. बाकडी, नामफलक, पदपथावरचे ब्लॉक, व्यायामाची उपकरणे, कमानी ही कामे बहुधा या यादीतून होतात. चांगला पदपथ उखडून पुन्हा तेच ब्लॉक बसवल्याचे दृश्य पुणेकरांना नवीन नाही. याच यादीतून एखादी अभ्यासिका, एखाद्या शाळेची स्वच्छतागृहे किंवा ओढ्यावरचा पूलही होऊ शकतो. मागच्या कार्यकाळातील 'स' यादी मागवून वाचली, तर उमेदवाराला सार्वजनिक जीवनाबद्दल काय वाटते, हे त्याच्या भाषणापेक्षा अधिक स्पष्टपणे कळते.

गावठाण, सोसायटी आणि मधली जागा

आता गावपणाच्या प्रश्नाकडे वळू. समाविष्ट गावात साधारणपणे दोन प्रकारचे लोक शेजारी राहतात. एकीकडे गावठाणातील आणि वाड्या-वस्त्यांवरील जुनी कुटुंबे, ज्यांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले आणि ज्यांचे वर्ष ग्रामदैवताच्या यात्रेभोवती, तालमीभोवती, भावकीतल्या कार्यांभोवती फिरते. दुसरीकडे सोसायट्यांत राहणारी कुटुंबे, जी विदर्भ, मराठवाडा, खानदेश किंवा परराज्यांतून नोकरीसाठी आली आहेत आणि ज्यांचे सण, खेळ व भेटीगाठी बहुतांशी आवाराच्या भिंतीआड होतात. दोघांच्याही तक्रारी रास्त आहेत. जुन्या कुटुंबांना आपल्याच गावात आपण परके झाल्याची भावना येते, आणि नव्या कुटुंबांना आपण फक्त कर भरणारे आणि घरभाडे देणारे आहोत, असे वाटते. प्रचारात या दोन भावनांपैकी एकीला फुंकर घालणे सोपे असते. गावपण जपू म्हणणारा उमेदवार पुष्कळदा पहिल्या गटाशी बोलत असतो आणि स्मार्ट प्रभाग करू म्हणणारा दुसऱ्या गटाशी.

एकत्र राहण्यासाठी एकत्र येण्याची ठिकाणे लागतात, आणि ती ठिकाणे योजनेतून येतात, हा माझ्या सांगण्याचा गाभा आहे. सर्वांना खुले मैदान, दोन्हीकडची मुले जातील अशी शाळा, आठवडे बाजाराची जागा, दवाखाना, वाचनालय, स्मशानभूमी आणि दफनभूमी, बसथांबा. सध्याच्या एकात्मिक बांधकाम नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे एक एकर, आणि त्याहून अधिक क्षेत्राच्या भूखंडावर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. पण ती जागा त्या प्रकल्पातील रहिवाशांसाठी असते, ती गावाची होत नाही. गावाच्या वाट्याला येते ती सुविधा जागा, म्हणजे मोठ्या प्रकल्पांच्या भूखंडातील काही भाग सार्वजनिक सोयींसाठी पालिकेकडे द्यायचा असतो. २०२१ मध्ये अशा जागा दीर्घ मुदतीने खासगी संस्थांना भाड्याने देण्याचा प्रस्ताव पुणे महापालिकेत आला, तेव्हा मोठा वाद झाला आणि नागरी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. तो विरोध योग्यच होता. रिकाम्या पडलेल्या जागेवर अतिक्रमण होते हे खरे, पण त्यावरचा उपाय तेथे शाळा किंवा दवाखाना बांधणे हा आहे.

मोठ्या नगरवसाहतींचा विचार वेगळा करावा लागतो. किमान ४० हेक्टर, म्हणजे सुमारे १०० एकर क्षेत्रावर एकात्मिक नगरवसाहत उभारता येते आणि तेथील अंतर्गत रस्ते, पाणी, सांडपाणी यांची जबाबदारी विकसकावर असते. हडपसरच्या मगरपट्ट्यात शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून स्वतःच वसाहत उभी केली, जमीन विकून बाहेर पडण्याऐवजी ते तिचे भागीदार राहिले. महाराष्ट्रातील शहरवाढीच्या इतिहासात ही मोलाची घटना आहे. जमीनमालकाला वाढीतला कायमचा वाटा मिळू शकतो, हे तिने दाखवले. मात्र वसाहत कितीही सुरेख असली, तरी तिच्या फाटकाबाहेरचा रस्ता, ओढा आणि शेजारची वस्ती सर्वांचीच असते, आणि नगरसेवकाचे काम तेथे सुरू होते.

गाव पालिकेत गेल्यावर एक गोष्ट हरवते, तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामपंचायत असताना वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, प्रत्येक मतदाराला तेथे उभे राहून प्रश्न विचारता येतो आणि सरपंचाला समोर बसून उत्तर द्यावे लागते. ग्रामसभा अनेकदा कागदावरच होते, हे मान्य केले तरी तो हक्क मोठा होता. महापालिकेत त्याची जागा घेणारी क्षेत्र सभेची तरतूद राज्याने २००९ मध्ये कायद्यात केली, पण ती व्यवहारात उतरली नाही. पुण्याच्या २३ गावांना तर याचा दुहेरी फटका बसला. जून २०२१ मध्ये ग्रामपंचायती गेल्या, मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले आणि १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत, म्हणजे साडेचार वर्षे, या गावांना स्वतः निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. ना सरपंच, ना नगरसेवक, अशा अवस्थेत लोकांनी खड्ड्यांची आणि पाण्याची तक्रार घेऊन क्षेत्रीय कार्यालयात खेटे घातले.

म्हणून सामुदायिक जीवनाबद्दल बोलणाऱ्या उमेदवाराकडून एक नेमकी मागणी करता येते. दर तीन महिन्यांनी प्रभागाची खुली सभा घ्या, एकदा गावठाणाच्या चावडीत आणि एकदा एखाद्या सोसायटीच्या आवारात, आणि झालेल्या चर्चेचा वृत्तांत लेखी द्या. यासाठी सरकारच्या परवानगीची किंवा निधीची आवश्यकता नाही. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामे सुचवण्याची पद्धत आहे, पण अर्ज कोठे आणि कधी द्यायचा, हे समाविष्ट गावांतील फार थोड्यांना ठाऊक असते. असा अर्ज घरोघरी पोहोचवणे हे कोणत्याही कार्यकर्त्याला जमण्यासारखे काम आहे.

नव्या रहिवाशांनीही एक गोष्ट करायला हवी. स्थानिक निवडणुकीसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. राज्य निवडणूक आयोग एका ठरावीक दिवशीची विधानसभेची यादी घेतो आणि तिचे प्रभागनिहाय विभाजन करतो. त्या दिवसानंतर नाव नोंदवले तर ते त्या निवडणुकीला उपयोगी पडत नाही. गावाकडे नाव ठेवून पुण्यात राहणारे असंख्य लोक यामुळे येथील निर्णयांतून बाहेर राहतात आणि उमेदवारालाही त्यांच्या प्रश्नांची दखल घेण्याचे कारण उरत नाही. पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ चा अर्ज लागतो, प्रथमच नाव नोंदवायचे असेल तर नमुना ६ चा. निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता तो आधीच भरावा, आणि प्रारूप प्रभाग यादी प्रसिद्ध झाल्यावर आपले नाव शेजारच्या प्रभागात तर गेले नाही ना, हे मुदतीत तपासून हरकत द्यावी. नव्याने जोडलेल्या गावांत एकाच सोसायटीचे मतदार दोन प्रभागांत विभागले जाण्याची शक्यता अधिक असते आणि ही चूक मतदानाच्या दिवशी दुरुस्त करता येत नाही.